अंतर्गत लेखापरीक्षण दर वेळी का लांबते? व्याप्तीच्या कागदापासून दुरुस्ती

सोळा मनुष्यदिवसांचे म्हणून हाती घेतलेले काम चोवीस दिवसांवर जाते. सुरुवातीच्या बैठकीत सर्वांनी होकार दिलेला असतो, पण पाचव्या दिवशी एखादा विभागप्रमुख 'हा विषय माझ्याकडे येतच नाही' असे सांगतो. मागितलेली माहिती तीन वेळा येते आणि तिन्ही वेळा तिची बेरीज वेगळी निघते. मसुदा अहवालावर चर्चा चालू असताना एखादे संचालक बाहेर पाठविलेल्या मालाबद्दल एकच प्रश्न विचारतात आणि त्या मालाकडे आपण फिरकलोच नव्हतो हे तेव्हा लक्षात येते. अंतर्गत लेखापरीक्षण करणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही. मात्र दर वर्षी त्याला नवे कारण दिले जाते: या वेळी मुले नवखी होती, या वेळी कंपनी सॉफ्टवेअर बदलत होती, या वेळी मध्येच दिवाळी आली.

बडोद्यातील आमच्या छोट्या कार्यालयात मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका अभियांत्रिकी कारखान्याचे खरेदीचे काम लागोपाठ तीन वर्षे असेच लांबले. तिसऱ्या वर्षी शुल्क तेवढेच राहिले आणि दिवस दीडपट झाले, तेव्हा आम्ही कारणे सांगणे थांबवून कागद काढून बसलो. दोष क्षेत्रकामात, म्हणजे कारखान्यातील प्रत्यक्ष तपासणीत, सापडेल अशी माझी स्वतःची खात्री होती. तो सापडला काम सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी लिहिलेल्या एका ओळीत.

वाढलेले दिवस नेमके कुठे गेले

हा तपास आठवणीवरून करू नये, कारण आठवणीत राहतात ती भांडणे, आणि दिवस खाणाऱ्या गोष्टी बहुधा शांतपणे दिवस खातात. मागच्या दोन-तीन कामांची टाइमशीट काढावीत आणि ठरल्यापेक्षा अधिक लागलेल्या प्रत्येक अर्ध्या दिवसासमोर एकच कारण लिहावे. टाइमशीट भरण्याचा आमच्या आर्टिकल (सनदी लेखापाल होण्यासाठी प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलांना मनापासून कंटाळा आहे, आणि खरे सांगायचे तर अनेक वर्षे तो मलाही होता. पण हा एक उपयोग पाहिल्यापासून मी ती रोज संध्याकाळी भरून घेतो.

आमच्या आठ जास्तीच्या दिवसांपैकी तीन दिवस माहितीची वाट पाहण्यात किंवा चुकीची आलेली माहिती पुन्हा मागविण्यात गेले होते. तीन दिवस एखादी गोष्ट आपल्या कामात बसते की नाही हे ठरविण्यात, आणि त्यासाठी एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरण्यात गेले होते. दीड दिवस व्यवस्थापकीय संचालकांच्या 'हेही जरा बघून घ्या' या फोनला गेला होता. उरलेला अर्धा दिवस किरकोळ होता. नवख्या मुलांच्या नावावर, ज्यांना आम्ही वर्षभर दोष देत होतो, त्या यादीत काहीही निघाले नाही.

तुमच्या यादीत प्रमाण वेगळे येईल. तरीही माहितीची वाट, हद्दीचा वाद आणि मध्येच वाढलेले काम ही तीनच नावे पुन्हा पुन्हा येत असतील, तर पुढील दुरुस्ती तुम्हाला लागू पडेल. नमुने पुन्हा तपासावे लागणे किंवा पर्यवेक्षकाने कार्यपत्रे परत करणे हे मुख्य कारण निघाले, तर दोष प्रशिक्षणाचा आहे आणि त्याचा इलाज वेगळा आहे.

मुळातली ओळ

आमच्या वार्षिक योजनेत त्या कामासमोर लिहिले होते: 'खरेदी विभाग, तिसरी तिमाही, १६ दिवस.' हीच ओळ आम्ही नेमणूकपत्रात उतरवली, तीच सुरुवातीच्या बैठकीत वाचून दाखवली, आणि तिलाच व्याप्ती, म्हणजे काय तपासायचे आणि काय नाही याची हद्द, समजून कामाला लागलो.

वार्षिक योजनेतील ओळ आणि एका कामाची व्याप्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियमांनीही त्या वेगळ्याच धरल्या आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३८ नुसार ज्या कंपन्यांना अंतर्गत लेखापरीक्षक नेमणे बंधनकारक आहे, त्यांत सर्व सूचिबद्ध कंपन्या येतात. खासगी कंपनीच्या बाबतीत आदल्या आर्थिक वर्षातील उलाढाल २०० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक असेल, अथवा बँका व वित्तीय संस्थांचे थकीत कर्ज त्या वर्षात कधीही १०० कोटींवर गेले असेल, तर हे बंधन लागू होते. २०१४ च्या कंपनी लेखे नियमांतील नियम १३ पुढे असे सांगतो की व्याप्ती, कामकाज, आवर्तन आणि पद्धत ही लेखापरीक्षण समितीने किंवा संचालक मंडळाने अंतर्गत लेखापरीक्षकाशी विचारविनिमय करून ठरवावी. हा विचारविनिमय वर्षाच्या पातळीवरचा आहे. त्यानंतर प्रत्येक कामाचे नियोजन स्वतंत्रपणे करावे लागते, आणि भारतीय सनदी लेखापाल संस्थेने त्यासाठी एसआयए ३१० हे वेगळे मानक ठेवले आहे. वर्षाच्या एकूण नियोजनासाठी एसआयए २२० आहे. ९ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या जागतिक अंतर्गत लेखापरीक्षण मानकांतही तेरावे तत्त्व पूर्णपणे एकेका कामाच्या नियोजनाला दिलेले असून त्याखाली संवाद, जोखीम-मूल्यांकन, उद्दिष्टे व व्याप्ती, मूल्यमापनाचे निकष, साधने आणि कार्य-कार्यक्रम अशी सहा मानके आहेत. आम्ही या सहांपैकी चार पायऱ्या एका ओळीत उरकल्या होत्या.

त्या ओळीतला खरा दोष मात्र तिच्या लांबीत नव्हता. ती विभागाच्या नावाने लिहिलेली होती. पैसा विभागाच्या नावाने चालत नाही. त्या कारखान्यात कच्चा माल आणि सुटे भाग खरेदी विभाग घेत असे. यंत्रे प्रकल्प विभाग घेत असे. जॉबवर्कचे, म्हणजे आपला माल बाहेरच्या कारखान्यातून प्रक्रिया करून घेण्याचे, आदेश उत्पादन-नियोजन विभाग काढत असे, कारण कोणता भाग कोणत्या दिवशी बाहेर टर्निंगला (लेथच्या कामाला) पाठवायचा हे त्यांनाच ठाऊक असे. मालवाहतुकीचे दर डिस्पॅचवाले ठरवत. आणि यंत्रांच्या देखभालीचे वार्षिक करार देखभाल विभाग थेट करत असे. आम्ही खरेदी विभागाच्या प्रमुखांसमोर बसून या पाचांबद्दलचे प्रश्न विचारत होतो आणि ते प्रामाणिकपणे सांगत होते की यातले तीन-चार विषय त्यांचे नाहीत. स्टोअरमधील वयस्कर कारकुनांनी पहिल्याच दिवशी 'ए तो प्लानिंगवाळा जाणे, साहेब' (ते प्लॅनिंगवाल्यांना ठाऊक) असे सांगितले होते. ते वाक्य आम्ही टाळाटाळ म्हणून सोडून दिले. वास्तविक त्या दिवसाची तीच सर्वांत उपयुक्त माहिती होती.

दुरुस्ती: आधी एक व्यवहार पायी चालून पाहणे

व्याप्ती लिहिण्यापूर्वी दोन दिवस प्राथमिक पाहणीसाठी राखून ठेवावेत, आणि ते दोन दिवस क्षेत्रकामातून कापून न घेता योजनेत स्वतंत्रपणे दाखवावेत. या पाहणीत कोणतीही चाचणी करायची नसते. एक पूर्ण झालेला व्यवहार निवडायचा, मागणीपत्रापासून निघायचे, दरपत्रके, खरेदी आदेश, गेटवरील आवक नोंद, जीआरएन (माल मिळाल्याची पावती), गुणवत्ता तपासणी, बिलाची नोंद आणि रक्कम अदा होणे या क्रमाने त्याच्या मागे जायचे, आणि प्रत्येक टप्प्यावर तिथे बसलेल्या माणसाला दोनच प्रश्न विचारायचे: हा कागद तुमच्याकडे येण्यापूर्वी कोणाकडे होता, आणि तुमच्याकडून अडला तर कोणाचा फोन येतो? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संघटना-तक्त्यात सहसा सापडत नाही.

त्यानंतर असाच एक व्यवहार जॉबवर्कचा घ्यावा. अभियांत्रिकी कारखान्यांत आमचा सर्वांत मोठा पोकळ भाग इथेच होता, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

जॉबवर्कसाठी पाठविलेला माल कंपनीच्या मालकीचा असतो, पण तो कंपनीच्या आवारात नसतो. खरेदी विभाग म्हणतो की आम्ही तो विकत घेतलेला नाही. स्टोअर म्हणते की तो आमच्या रॅकवर नाही. लेखा विभागाच्या ताळेबंदात तो एकूण मालसाठ्याच्या आकड्यात मिसळलेला असतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ नुसार असा कच्चा माल एक वर्षाच्या आत आणि भांडवली वस्तू तीन वर्षांच्या आत परत यावी लागते किंवा जॉबवर्करच्या जागेवरून पुढे पुरविली जावी लागते; तसे न झाल्यास माल ज्या दिवशी पाठविला त्याच दिवशी पुरवठा झाला असे मानले जाते, आणि कर व्याजासह मागे जाऊन भरावा लागतो. पाठविलेल्या व परत आलेल्या मालाचा तपशील आयटीसी-०४ या जीएसटी विवरणपत्रात जातो, आणि पाच कोटींपेक्षा अधिक उलाढाल असणाऱ्यांना तो दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. म्हणजे कंपनीच्या पुस्तकांत या मालाचे वय सांगणारी एक यादी असायलाच हवी. पाहणीच्या वेळी ती मागा. ती यादी स्टोअरकडून न येता कर-सल्लागाराच्या कार्यालयातून आली, तर त्या मालावर कारखान्यात कोणाचेही लक्ष नाही असे समजून व्याप्ती आखावी.

आणखी एक बारकावा असा की साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर यांना ही तीन वर्षांची मुदत लागू नाही. कायद्याने दिलेली ही सवलत नियंत्रणाच्या दृष्टीने घातक ठरते, कारण मुदतच नसल्यामुळे प्रणालीत कोणताही इशारा वाजत नाही आणि लाखो रुपयांचा डाय वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेडमध्ये पडून राहतो. संचालकांनी आम्हाला विचारलेला तो एक प्रश्न अशाच एका डायबद्दल होता.

व्याप्ती कशी लिहावी

व्याप्तीच्या आधी उद्दिष्ट लिहावे, आणि ते प्रश्नाच्या रूपात लिहावे. 'खरेदी प्रक्रियेचा आढावा घेणे' हे उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही हे कोणालाही सांगता येणार नाही. 'कंपनीने ज्या मालाचे पैसे दिले तो माल योग्य अधिकाऱ्याच्या मंजुरीने, ठरलेल्या दराने मागविला गेला आणि तो कंपनीकडे किंवा तिच्या जॉबवर्करकडे प्रत्यक्ष पोहोचला का?' या प्रश्नाला होय, नाही किंवा अंशतः असे उत्तर देता येते, आणि कोणती चाचणी अनावश्यक आहे हेही त्यावरून कळते.

मग त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी लागेल तेवढीच हद्द आखावी. दुरुस्तीनंतर त्याच कारखान्यासाठी आम्ही लिहिलेला मजकूर साधारण असा होता:

'मकरपुरा व सावली या दोन्ही प्लँटसाठी १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात प्रणालीतून निघालेले कच्चा माल, सुटे भाग व जॉबवर्क यांचे सर्व खरेदी आदेश, मागणीपत्र मंजूर झाल्यापासून पुरवठादाराच्या बँक खात्यात रक्कम जमा होईपर्यंत तपासले जातील. जॉबवर्करकडे असलेल्या मालाच्या व साच्यांच्या नोंदी आणि निवडक ठिकाणची प्रत्यक्ष मोजणी यात समाविष्ट आहे. भांडवली खरेदी यात नाही. ती चौथ्या तिमाहीतील प्रकल्प-खर्चाच्या कामात येईल. मालवाहतुकीची बिले यात नाहीत. या वर्षी ती कोणत्याही कामात नाहीत, आणि हे लेखापरीक्षण समितीला कळविले आहे.'

शेवटचे वाक्य लिहायला सर्वांत अवघड गेले आणि तेच सर्वांत उपयोगी ठरले. वगळलेल्या गोष्टी लिहिताना बहुतेक जण केवळ 'समाविष्ट नाही' असे लिहून थांबतात. वगळलेला भाग दुसरे कोणी, केव्हा पाहणार आहे किंवा कोणीच पाहणार नाही, यांपैकी एक लिहिलेच पाहिजे. समितीच्या बैठकीत ते वाक्य वाचल्यावर एका सदस्यांनी वाहतुकीच्या बिलांसाठी वेगळे काम लावायला सांगितले. तोच विषय पूर्वी अहवालाच्या दिवशी निघत असे.

हद्दीचे शेवटचे टोक कुठे ठेवायचे यावरही विचार करावा. खरेदीचे काम जीआरएनपाशी थांबविले तर सूक्ष्म व लघु पुरवठादारांना पैसे वेळेवर गेले की नाही हे दिसणार नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याच्या कलम १५ नुसार लेखी करार असल्यास ही मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची आणि करार नसल्यास १५ दिवसांची आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये 'एच' हा उपखंड येऊन तो २०२४-२५ या कर-निर्धारण वर्षापासून लागू झाल्यावर उशिराच्या रकमेची वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षापर्यंत पुढे ढकलली गेली, म्हणून व्यवस्थापनालाही या विषयात रस असतो. मात्र टोक रक्कम अदा होण्यापर्यंत नेले की लेखा विभाग कामात आला, आणि मग लेखाप्रमुखांना सुरुवातीच्या बैठकीचे बोलावणे गेलेच पाहिजे. ज्या विभागाचा कागद आपण उघडणार आहोत त्याचा प्रमुख पहिल्या बैठकीत नसेल, तर त्या कागदासाठी अर्धा दिवस वाट पाहावी लागेल, असे धरून चाला.

पाच व्यवहारांची चाचणी

लिहिलेली व्याप्ती पुरेशी स्पष्ट आहे का हे लिहिणाऱ्याला कळत नाही. त्यासाठी आम्ही एक साधी चाचणी करतो. पाहणीत दिसलेले पाच अडनिडे व्यवहार कागदावर लिहायचे आणि व्याप्तीच्या मजकुरासह तो कागद दोघांना वेगवेगळा द्यायचा: एक आमच्या चमूतील, जो पाहणीला नव्हता, आणि एक कंपनीतील. दोघांनी प्रत्येक व्यवहारासमोर फक्त 'आत' किंवा 'बाहेर' एवढेच लिहायचे.

आमचे पाच व्यवहार असे होते. रात्रपाळीत बेअरिंग बदलावे लागले म्हणून देखभाल विभागाने किरकोळ रोख रकमेतून आणलेले बेअरिंग. २०२२ मध्ये जॉबवर्करकडे गेलेला आणि अजून न परतलेला डाय. गुणवत्ता तपासणीत नाकारलेला आणि पुरवठादाराला परत केलेला माल, ज्याची डेबिट नोट निघायची राहिली आहे. माल आल्यानंतर खरेदी आदेशात वाढविलेला दर. आणि पुरवठादाराच्या नावाने ई-मेलवर आलेली बँक खाते बदलण्याची विनंती.

जुनी ओळ घेऊन ही चाचणी केली तेव्हा पाचांपैकी तीन व्यवहारांवर दोघांची उत्तरे वेगळी आली. नव्या मजकुरावर एकाच व्यवहारावर मतभेद राहिला, तो रोखीच्या बेअरिंगचा. त्याला प्रणालीतून खरेदी आदेश निघत नाही, म्हणून आमच्या मजकुराप्रमाणे तो बाहेर होता. पण आदेशाशिवाय होणारी खरेदी हीच तर मोठी जोखीम, असे कंपनीच्या माणसाचे म्हणणे होते. ते बरोबर होते. आम्ही 'प्रणालीबाहेर झालेली किरकोळ खरेदी, केवळ एकूण रक्कम व वारंवारता' एवढी भर घातली आणि त्यासाठी अर्धा दिवस वाढवून घेतला. ही चाचणी तासाभरात होते. माझ्या मते नियोजनातील कोणताही एक तास एवढे दिवस वाचवत नाही.

माहितीची वाट

माहिती क्षेत्रकामाच्या पहिल्या दिवशी मागितली तर ती चौथ्या दिवशी येते. ती व्याप्ती मान्य झाल्याच्या दिवशीच मागावी, आणि 'खरेदी आदेशांची यादी' असे न लिहिता रकाने लिहून मागावी: आदेश क्रमांक, तयार केल्याची व मंजूर झाल्याची तारीख, दुरुस्ती क्रमांक, कोणी तयार केला, कोणी मंजूर केला, पुरवठादार संकेतांक, जीआरएन व बिलाच्या तारखा, आणि रद्द झालेले आदेशही. मंजुरी-मर्यादेच्या किंचित खाली तोडून काढलेले आदेश शोधायचे असतील तर रद्द आदेश आणि दुरुस्त्या यांच्याशिवाय काही दिसत नाही.

यादी आली की चाचणीला बसण्यापूर्वी तिची बेरीज तपासणी-ताळेबंदातील (ट्रायल बॅलन्समधील) खरेदीशी जुळवावी. फरक करांचा, वाहतुकीचा किंवा वर्षाअखेरच्या तरतुदींचा असेल तर तो समजावून घेता येतो. समजावून घेता आला नाही, तर ती यादी अपूर्ण आहे, आणि तिच्यावर निवडलेले नमुने पुन्हा निवडावे लागणार आहेत. आमचे तीन दिवस नेमके असेच गेले होते.

माणसे नेमतानाही असाच विचार लागतो. त्या कारखान्याचे गेटवरील आवक रजिस्टर गुजरातीत, हाताने आणि घाईने लिहिलेले असते. पहिल्या वर्षी आम्ही ते काम महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्या आर्टिकल मुलीला दिले. ती हुशार होती, पण शिरोरेघ नसलेले वळणदार अक्षर आणि त्यातली संक्षेपलेखने तिला लागेनात, आणि एका पानाला अर्धा तास जाऊ लागला. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांना गुजराती वाचता येते हे आपण इतके गृहीत धरतो की ते कौशल्य म्हणून नियोजनात लिहायचे सुचत नाही.

दिवसांचा हिशेब

'मागच्या वर्षी १६ होते, या वर्षीही १६' ही पद्धत सोडावी. एका खरेदी आदेशाची फाइल पूर्ण तपासायला ४० मिनिटे लागत असतील, तर ६० नमुन्यांना २,४०० मिनिटे, म्हणजे ४० तास, म्हणजे आठ तासांचे पाच पूर्ण दिवस लागतात. आमच्या योजनेत याला तीन दिवस दिलेले होते, आणि अहवाल लिहिणे व मागील वर्षीच्या मुद्द्यांचा पाठपुरावा यांना एकही नाही. नमुने कमी करायचे असतील तर ते आताच कमी करावेत, आणि कोणत्या जोखमीपोटी किती ठेवले हे लिहून ठेवावे.

दिनदर्शिका समोर ठेवावी हे सांगायला नको, पण आपल्या गावाची ठेवावी. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत छोटे जॉबवर्कर बंद असतात. मोजणीच्या भेटी त्या आठवड्यात लावल्या की शटर पाहून परत यावे लागते. १४ आणि १५ जानेवारीला, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायणाला, सगळे गाव गच्चीवर असते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर आम्ही पावसाळ्यातील कामांना दोन दिवसांची सवड ठेवतो आणि तळमजल्यावरच्या कागदांच्या प्रती आधी घेतो.

मध्येच आलेला फोन

'हेही जरा बघून घ्या' याला नाही म्हणता येत नाही, आणि नेहमी म्हणूही नये. अनेकदा त्या फोनमागे खरी शंका असते. पण होकार तोंडी देऊ नये. एका पानावर विनंती, तिला लागणारे दिवस आणि तीन पर्याय लिहून पाठवावेत: दिवस वाढवायचे, आधीच्या व्याप्तीतील एखादा भाग कमी करायचा, की वेगळे काम लावायचे. ते पान पाठविल्यावर निम्म्या विनंत्या पुढच्या तिमाहीत जातात, असा माझा अनुभव आहे.

आपल्यालाच काम करताना गैरव्यवहाराची खूण दिसली, तर मात्र व्याप्ती बदलायला संकोच करू नये. मंजूर व्याप्ती ही डोळ्यांवर बांधलेली पट्टी नव्हे. आणि उलट बाजूने, एखादी नोंदवही दाखवायला किंवा एखाद्या जॉबवर्करकडे जाऊ द्यायला व्यवस्थापनाने नकार दिला, तर ती आपण वगळलेली बाब होत नाही. ती व्याप्तीवर आलेली मर्यादा आहे. ती आधी व्यवस्थापनाशी बोलून सोडवायची, सुटली नाही तर मंडळापर्यंत न्यायची, आणि अहवालात तशी नोंद करायची. हे दोन प्रकार एकाच परिच्छेदात मिसळून लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. कंपनीचे अंतर्गत लेखापरीक्षण तिच्या आकाराला व स्वरूपाला साजेसे आहे का, यावर वैधानिक लेखापरीक्षकांना कारो २०२० (कंपनी लेखापरीक्षक अहवाल आदेश) खाली मत द्यावे लागते; असा अहवाल वाचून ते गोंधळले तर त्यांचा दोष नाही.

एवढे करूनही काम लांबत असेल तर

आमचे त्या कारखान्याचे पुढचे काम अठरा दिवसांचे आखले गेले आणि एकोणीस दिवसांत संपले. इतर कामे मात्र त्या वर्षीही रेंगाळली. तेव्हा एकेका कामाचा कागद बाजूला ठेवून वर्षाची योजना काढली. अकरा कंपन्या, प्रत्येकी चार तिमाही कामे, म्हणजे ४४ कामे. सरासरी १६ दिवस धरले तर ७०४ मनुष्यदिवस. आम्ही तिघे, रजा, परीक्षा-काळातील मुलांची गैरहजेरी आणि कार्यालयीन कामे वजा जाता प्रत्येकाचे २२० दिवस धरले तर ६६०. क्षेत्रकामाला हात लावण्यापूर्वीच ४४ दिवसांची तूट होती, आणि ती दर वर्षी शेवटच्या तिमाहीतल्या कंपन्यांच्या वाट्याला येत होती.

६६० दिवसांत १६ दिवसांची ४१ कामे बसतात. त्यामुळे तीन कामे कोणत्या कंपन्यांची पुढच्या वर्षी ढकलायची, किंवा कोणत्या कंपनीत दोन तिमाही कामे एकत्र करायची, याचे बोलणे आता आम्ही फेब्रुवारीतच उरकतो, कारण एप्रिलच्या आसपास लेखापरीक्षण समितीने वार्षिक योजना मंजूर केली की त्यातील एकही ओळ काढायला पुन्हा समितीपुढेच जावे लागते.